फ्रँक जॉन्सन: ‘डिस्ट्रिक्ट जज’च्या हातात एवढे अधिकार कुठून आले?

शब्दांगण:

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचे फेडरल न्यायाधीश फ्रँक एम. जॉन्सन (१९१८–१९९९) यांच्यावर मराठीत एक मोठा लेख तयार होतो आहे. माँटगोमेरीच्या बसमधला वर्णभेद, सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा, ब्राइस मनोरुग्णालय, अलाबामाचे तुरुंग अशी एकेक प्रकरणं वाचून झाली. अडचण घटनांची नाही, यंत्रणेची आहे.

पहिला घोळ पदाचा. १९५५ ते १९७९ ते ‘डिस्ट्रिक्ट जज’ होते. मराठीत ‘जिल्हा न्यायाधीश’ लिहिलं तर आपला वाचक विचारणार, जिल्हा न्यायाधीश राज्याचा कायदा घटनाबाह्य कसा ठरवेल? दुसरं, बसच्या खटल्यात ५ जून १९५६ ला निकाल लागतो आणि १३ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्ट त्यावर शिक्कामोर्तब करतं. मधलं अपील न्यायालय गेलं कुठे? तिसरं, मनोरुग्णालयाच्या आदेशात ‘आठ रुग्णांमागे एक संडास’ असा आकडा आहे. न्यायाधीशाने हा आकडा कशाच्या आधारावर लिहिला? आणि शेवटचं, त्यांच्या तारखांचा मेळ बसत नाही. नेमणूक कुठे १९५५ तर कुठे १९५६, आणि १९९१ ला ‘निवृत्त’ झालेले न्यायाधीश १९९९ पर्यंत पदावर कसे?

जाणकारांनी नेमकं सांगावं. ढोबळ तुलना नको.

निकालपत्र:

‘जिल्हा न्यायाधीश’ हा शब्द आधी खोडा. तो ठेवलात तर पुढचा अख्खा लेख चुकीच्या पायावर उभा राहील.

अमेरिकेत न्यायालयांच्या दोन स्वतंत्र उतरंडी आहेत, एक राज्यांची आणि एक संघराज्याची. संघराज्याच्या उतरंडीत सगळ्यात खाली डिस्ट्रिक्ट कोर्ट, मध्ये सर्किट म्हणजे अपील न्यायालय आणि वर सुप्रीम कोर्ट. आज देशभर अशी ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं आणि १३ अपील न्यायालयं आहेत. ‘डिस्ट्रिक्ट’चा आपल्या महसुली जिल्ह्याशी काही संबंध नाही. अलाबामात उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीनच डिस्ट्रिक्ट आहेत, आणि जॉन्सन मधल्याचे म्हणजे ‘मिडल डिस्ट्रिक्ट’चे न्यायाधीश होते. या ‘मिडल’चं भाषांतर कुणी ‘मध्यम दर्जाचं न्यायालय’ करू नये म्हणून मुद्दाम सांगतो. राज्याची राजधानी माँटगोमेरी याच डिस्ट्रिक्टमध्ये येते. त्यामुळे गव्हर्नर किंवा राज्याच्या खात्यांविरुद्धचे दावे साहजिकच त्यांच्यापुढे येत. त्यात बराच काळ ते तिथले एकटेच न्यायाधीश होते.

आता अधिकारांचं. आपल्याकडे जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक घटनेच्या कलम २३३ खाली राज्यपाल उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करून करतात, आणि कायद्याच्या वैधतेचा प्रश्न उभा राहिला तर तो उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. अमेरिकी डिस्ट्रिक्ट जजला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मंजुरी देतं. राज्याचा कायदा संघराज्याच्या घटनेविरुद्ध आहे असं तो पहिल्याच पायरीवर ठरवू शकतो. म्हणजे काम सत्र न्यायालयासारखं, साक्षी-पुरावे आणि ज्युरीसकट, पण घटनात्मक अधिकार आपल्या उच्च न्यायालयाच्या जवळ जाणारा. मराठीत ‘संघीय न्यायाधीश, अलाबामाचा मध्य विभाग’ किंवा सरळ ‘फेडरल न्यायाधीश’ लिहा.

तिसरा धागा कार्यकाळाचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकी घटनेच्या तिसऱ्या कलमाखालचा न्यायाधीश ‘वर्तन चांगलं असेतोवर’ पदावर राहतो, म्हणजे व्यवहारात तहहयात. पगार कमी करता येत नाही आणि काढायचं तर महाभियोग चालवावा लागतो. अलाबामाचे राज्य न्यायाधीश मात्र मतदारांकडून निवडून येत. ही तुलना कागदावरची नाही. जॉर्ज वॉलेस आणि जॉन्सन अलाबामा विद्यापीठात कायद्याचं शिक्षण एकाच काळात घेत होते. पुढे वॉलेस राज्याचे निवडून आलेले सर्किट न्यायाधीश झाले (राज्याच्या उतरंडीतलं ‘सर्किट’ म्हणजे खटले चालवणारं न्यायालय, वर सांगितलेलं अपील न्यायालय नव्हे). १९५८ च्या अखेरीस संघराज्याच्या नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीची दप्तरं मागितली, वॉलेस यांनी नकार दिला आणि जॉन्सन यांनी दप्तरं हजर करण्याचा हुकूम काढला. वॉलेस यांनी चोरवाट काढली. दप्तरं स्वतः न देता ग्रँड ज्युरींच्या (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांच्या) हवाली केली आणि तिथून ती आयोगाला मिळाली. जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी त्यांना अवमानाच्या आरोपातून सोडलं, पण दप्तरं आडमार्गाने का होईना पोचली, हे निकालात नोंदवून. वॉलेस यांनी मात्र ‘मी फेडरल कोर्टाला नमलो नाही’ याच भांडवलावर १९६२ ची गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली आणि जिंकली. एकाला मतं हवी होती, दुसऱ्याला कुणाच्या मतांची गरज नव्हती.

बसच्या खटल्याचं उत्तर वेगळ्या प्रतिसादात देतो, ते लांबेल.

निकालपत्र:

बसचा खटला, म्हणजे ब्राउडर विरुद्ध गेल. अपील न्यायालयाची पायरी गाळली गेली ती तीन न्यायाधीशांच्या खास न्यायालयामुळे.

१९१० पासून असा नियम होता की राज्याचा कायदा घटनाबाह्य म्हणून त्याची अंमलबजावणी थांबवा, अशी मागणी असेल तर एकट्या डिस्ट्रिक्ट जजने मनाई हुकूम द्यायचा नाही. तीन जणांनी बसायचं, त्यांत किमान एक अपील न्यायालयाचा हवा, आणि त्यांच्या निकालावर थेट सुप्रीम कोर्टात अपील करायचं. एकाच स्थानिक न्यायाधीशाने राज्याचा कायदा थांबवू नये हा हेतू. नागरी हक्कांच्या वकिलांना मात्र यातून जलद वाट मिळाली. हा नियम बहुतांश प्रकरणांपुरता १९७६ मध्ये रद्द झाला, मतदारसंघांच्या आखणीसारख्या काही दाव्यांत आजही शिल्लक आहे.

फ्रेड ग्रे या वकिलाने दावा मुद्दाम असा बांधला की हे खास न्यायालय बसवावंच लागेल. शहराच्या नियमाबरोबर राज्याच्या कायद्यालाही आव्हान दिलं. न्यायालयात अपील विभागाचे रिचर्ड राइव्ह्ज, उत्तर अलाबामाचे सेबर्न लिन आणि जॉन्सन होते. निकाल दोन विरुद्ध एक. लिन यांचं म्हणणं असं की ‘वेगळे पण समान’ हा १८९६ चा प्लेसी निकाल सुप्रीम कोर्टाने स्पष्ट शब्दांत रद्द केलेला नाही, तर खालच्या न्यायालयाने तो मोडीत निघाल्याचं गृहीत धरू नये. राइव्ह्ज आणि जॉन्सन यांनी धरलं, की शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालाने प्लेसीचा आधारच काढून घेतला आहे. लेखात हा मतभेद नक्की द्या. तो नसेल तर निकाल जणू आपोआप लागला असं वाटतं.

आणखी एक, मराठी लेखांत हमखास चुकणारी गोष्ट. बसमधली जागा सोडायला नकार दिल्याबद्दल अटक झालेल्या रोझा पार्क्स या दाव्यात वादी नव्हत्या. त्यांच्यावरचा फौजदारी खटला राज्याच्या न्यायालयांत अडकला होता. त्यांना यात आणलं असतं तर ‘आधी राज्याचं अपील संपू द्या’ असा आक्षेप उभा राहिला असता. वादी चौघी होत्या: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कोल्व्हिन. कोल्व्हिनला अटक झाली ती मार्च १९५५ मध्ये, पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, आणि तेव्हा ती १५ वर्षांची होती.

जून ते डिसेंबर का लागले? निकालाची अंमलबजावणी अपिलासाठी थांबवून ठेवली होती. सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबरला निकाल कायम केला, पण आदेशाची प्रत माँटगोमेरीत पोचून बजावली गेली २० डिसेंबरला. २१ ला काळ्या प्रवाशांनी बसवर टाकलेला बहिष्कार संपून बसमध्ये सरमिसळ सुरू झाली. निकाल लागणं आणि तो बजावला जाणं या दोन वेगळ्या तारखा असतात. आपल्याकडे दिवाणी कोर्टात फिरलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

दस्तऐवज:

तारखांचं उत्तर. दोन्ही वर्षं बरोबर आहेत.

२२ ऑक्टोबर १९५५ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जॉन्सन यांना सिनेटचं अधिवेशन चालू नसताना नेमलं. अशी नेमणूक घटनेला मान्य आहे, पण ती तात्पुरती असते. पुढच्या अधिवेशनाच्या अखेरीपर्यंत सिनेटची मंजुरी आली नाही तर पद गेलं. म्हणून १२ जानेवारी १९५६ ला रीतसर नाव पाठवलं गेलं आणि ३१ जानेवारीला मंजुरी मिळाली. तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. आता हे पाहा: ब्राउडरचा दावा दाखल झाला १ फेब्रुवारी १९५६ ला. तहहयात पद पक्कं झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी! हा योगायोगच आहे, पण तात्पुरत्या नेमणुकीवरच्या न्यायाधीशापुढे हा दावा आला असता तर दबाव किती वेगळा असता, हे वाचकाला एका वाक्यात कळतं.

त्याआधीची वाटचाल: जन्म विन्स्टन काउंटीतला. डोंगराळ, लहान शेतकऱ्यांचा हा भाग १८६१ मध्ये संघराज्यातून फुटून निघायच्या विरोधात होता आणि पुढेही तेव्हाच्या डेमोक्रॅटिक दक्षिणेत असून रिपब्लिकन राहिला. १९४३ ला कायद्याची पदवी, मग पायदळात, नॉर्मंडीत जखमी. १९४६ ते १९५३ जॅस्पर गावी वकिली. १९५२ मध्ये आयझेनहॉवर यांच्या प्रचारात काम, आणि १९५३ पासून उत्तर अलाबामाचे सरकारी वकील. वेठबिगारीच्या गुन्ह्याखाली त्यांनी चालवलेला खटला याच काळातला. प्रचाराचं काम, मग सरकारी वकील, मग न्यायाधीश, ही तिथली अगदी नेहमीची पायवाट आहे. आपल्या कॉलेजियमच्या चष्म्यातून बघितलं तर ती खटकते, पण लपवू नका.

१९६६ ला ते विभागाचे ‘मुख्य न्यायाधीश’ झाले. ही बढती नव्हे. ज्येष्ठतेने येणारं प्रशासकीय काम आहे ते. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचे संचालक म्हणून निवडलं, पण महाधमनीच्या फुगवट्यावर शस्त्रक्रिया झाली, प्रकृती सावरायला वेळ लागला आणि त्यांनी नाव मागे घेतलं. ते पद विल्यम वेब्स्टर यांना मिळालं, तेही फेडरल न्यायाधीशच. खरी बढती १९७९ ची. कार्टर यांनी पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयावर नेमलं आणि १९ जूनला सिनेटची मंजुरी आली. १ ऑक्टोबर १९८१ ला त्या सर्किटचे दोन तुकडे झाले. अलाबामा, जॉर्जिया आणि फ्लोरिडा मिळून अकरावं सर्किट बनलं, आणि तिथले न्यायाधीश कायद्यानेच नव्या न्यायालयात गेले. ती तिसरी नेमणूक नाही.

आणि १९९१ ची ‘निवृत्ती’ ही निवृत्तीच नाही. याला तिथे ‘सीनियर स्टेटस’ म्हणतात. वय किमान ६५ आणि वय अधिक सेवेची वर्षं मिळून ८० झाली की न्यायाधीश हा दर्जा घेऊ शकतो. पद राहतं, पगार राहतो, निकालही देता येतात, पण काम कमी घेता येतं आणि त्याची जागा रिकामी धरून नव्या न्यायाधीशाची नेमणूक होते. जॉन्सन यांनी तो घेतला ३० ऑक्टोबर १९९१ ला, ७३ व्या वाढदिवशी. २३ जुलै १९९९ ला निधन होईपर्यंत ते न्यायाधीशच होते. आपल्याकडे उच्च न्यायालयात ६२ आणि सर्वोच्च न्यायालयात ६५ ला खुर्ची सोडावीच लागते, त्यामुळे या दर्जाला मराठी शब्दच नाही. ‘ज्येष्ठ न्यायाधीश’ लिहिलं तर वाचक बढती समजेल. ‘कमी कामाचा ज्येष्ठ दर्जा’ असं फोड करून लिहा.

मोकळी खिडकी:

संडासांच्या आकड्याबद्दल. तो न्यायाधीशाच्या मनातून आलेला नाही. वायट विरुद्ध स्टिकनी हा मनोरुग्णालयाचा खटला समजून घेण्याची किल्ली तीच आहे.

टस्कलूसाच्या ब्राइस रुग्णालयात त्या वेळी सुमारे ५,००० रुग्ण होते. १९७० मध्ये पैसे आटले म्हणून कर्मचाऱ्यांना कमी केलं गेलं, आणि ऑक्टोबरमध्ये कर्मचारी व रुग्ण मिळून कोर्टात आले. सुरुवातीला भांडण नोकऱ्यांचं होतं. लवकरच ते एका प्रश्नावर आलं: ज्याला गुन्ह्याशिवाय, केवळ ‘उपचारासाठी’ म्हणून सक्तीने डांबलं आहे, त्याला उपचारच मिळत नसतील तर डांबण्याला आधार काय? १२ मार्च १९७१ च्या आदेशात जॉन्सन यांनी उपचाराचा घटनात्मक हक्क मान्य केला. त्याच निकालात कर्मचाऱ्यांचा हिशेब आहे. एवढ्या रुग्णांच्या उपचारांवर प्रत्यक्ष काम करणारे एक मानसशास्त्रज्ञ, मनोविकारांचं थोडंफार प्रशिक्षण असलेले तीन डॉक्टर आणि दोन समाजसेवक.

पण त्यांनी तेव्हा आकडे लादले नाहीत. राज्याला सहा महिने दिले आणि ‘तुमचेच निकष तुम्ही ठरवा’ असं सांगितलं. डिसेंबरात राज्याचा अहवाल अपुरा ठरला. मग फेब्रुवारी १९७२ मध्ये सुनावणी ठेवली, आणि तिला दोन्ही पक्षांबरोबर न्यायालयाचे मित्र म्हणून व्यावसायिक संस्था होत्या. बहुतेक निकषांवर पक्षांनी आपसात संमती दिली, उरलेल्यांवर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, आणि १३ एप्रिल १९७२ ला ते आदेशाला परिशिष्ट म्हणून जोडले गेले. म्हणून अपिलात ‘न्यायाधीशाने मनाने लिहिलं’ हा मुद्दा तग धरू शकला नाही. पाचव्या सर्किटने १९७४ मध्ये मूळ हक्क कायम केला.

परिशिष्टातलं काही: एका खोलीत जास्तीत जास्त सहा रुग्ण, आणि अशा खोलीत माणशी किमान ८० चौरस फूट. एकट्याची खोली असेल तर १०० चौरस फूट. आठ जणांमागे एक संडास, पंधरा जणांमागे एक नहाणी किंवा शॉवर. तापमान ६८ ते ८३ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २० ते २८ सेल्सिअस. दाखल झाल्यापासून ४८ तासांत पूर्ण शारीरिक व मानसिक तपासणी. संस्थेची झाडलोट, धुणी ही कामं रुग्णाकडून सक्तीने करून घ्यायची नाहीत, स्वेच्छेने केली तर किमान वेतन द्यायचं. यातल्या प्रत्येक गोष्टीची पूर्तता टेप आणि घड्याळ घेऊन तपासता येते. ‘माणुसकीने वागवा’ एवढंच लिहिलं असतं तर राज्य ‘वागवतो’ म्हणून मोकळं झालं असतं. तपासायला प्रत्येक संस्थेत मानवी हक्क समिती नेमली, आणि निधी नाही ही सबब चालणार नाही हेही लिहून ठेवलं.

बिघडलं कुठे, तेही लिहा. कर्मचाऱ्यांचं प्रमाण दर २५० रुग्णांमागे ठरलं होतं. प्रमाण गाठायच्या वाटा दोन: माणसं भरा किंवा रुग्ण कमी करा. दोन्ही झालं, पण रुग्णालयाबाहेरच्या सेवा त्या वेगाने उभ्या राहिल्या नाहीत. खटला संपायला २००३ चा डिसेंबर उजाडला. तो बंद केला मायरन थॉम्पसन यांनी, १९८० मध्ये जॉन्सन यांच्याच जागी आलेल्या न्यायाधीशांनी. एकूण ३३ वर्षं.

मराठी वाचकाला जवळचा दुवा हवा असेल तर पत्रकार शीला बारसे यांचा खटला द्या. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांबद्दल त्यांनी लिहिलेल्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये वेगळ्या कोठड्या, महिला पोलिसांचा पहारा, न्यायाधीशांच्या अचानक भेटी असे आदेश दिले. पद्धत मिळतीजुळती, दिशा उलटी: तिथे खालच्या न्यायालयाने पुरावे घेत वर नेलं, इथे सगळ्यात वरच्या न्यायालयाने खाली पाठवलं.

खडीसाखर:

वरचे प्रतिसाद उत्तम. एकच विनंती, जॉन्सन यांना देवमाणूस करून टाकू नका. निकालांतच त्याच्या विरुद्धचा पुरावा आहे.

अलाबामातल्या टस्कीगी शहराची हद्द १९५७ मध्ये चौकोनी होती ती २८ बाजूंची करण्यात आली, जेणेकरून सुमारे ४०० काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे शहराबाहेर पडावेत. त्याविरुद्धचा गोमिलियन विरुद्ध लाइटफूट हा दावा जॉन्सन यांनीच फेटाळला, कारण शहराची हद्द ठरवणं हा राज्याचा अधिकार, असं त्यांनी तेव्हाच्या निवाड्यांवरून मानलं. नोव्हेंबर १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ते उलटवलं.

सेल्मातही तसंच. ७ मार्च १९६५ ला मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी मारहाण केली, दुसऱ्या दिवशी दावा आला, आणि ९ मार्चला त्यांनी सुनावणी होईपर्यंत मोर्चा थांबवला. आंदोलकांना तो मोठा धक्का होता. पण मग पुरावा घेतला, मारहाणीची फिल्म कोर्टात पाहिली, आणि वादींकडून मोर्चाचा लेखी आराखडा मागवला: मार्ग, मुक्काम, जेवण, दवापाणी. १७ मार्चच्या आदेशाचं सूत्र असं की निदर्शनाचा हक्क अन्यायाच्या आकारमानाच्या प्रमाणात मोजायचा. लाउंड्स काउंटीत त्या वर्षाच्या सुरुवातीला एकही काळा मतदार नोंदलेला नव्हता, त्यावरून आकारमान समजेल. तरीही महामार्ग ८० जिथे दुपदरी होतो तिथे ३०० जणांची मर्यादा घातली. मोर्चा झाला २१ ते २५ मार्च, ५४ मैल. मोठमोठ्या शब्दांत कौतुक करण्यापेक्षा हा ३०० चा आकडा लेखात टाका. त्यातून त्यांची काम करण्याची रीत दिसते. (मोर्चाच्या रक्षणासाठी नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्यदल) ताब्यात घेणारे जॉन्सन म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन. दोघांची नावं लेखात वेगळी राखा.)

तुरुंगांचा जानेवारी १९७६ चा आदेशही अपिलात पूर्ण टिकला नाही. काही भाग पाचव्या सर्किटने काढून टाकला, देखरेख समितीसकट.

शब्दांगण:

बरंच सुटलं. दोन छोट्या शंका. त्यांच्या घरच्यांवर हल्ला झाला होता का? आणि निकाल मुळातून वाचायचे तर ‘२४० एफ. सप. १००’ असे आकडे कसे वाचायचे?

दस्तऐवज:

हो. त्यांच्या घरासमोर क्रूस जाळला गेला (वर्णद्वेष्ट्यांची ही धमकीची खूण), आणि एप्रिल १९६७ मध्ये माँटगोमेरीतल्या त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला. आई वाचल्या. त्यांना वर्षानुवर्षं फेडरल मार्शलांचं संरक्षण होतं.

आकडे असे वाचा: पहिला खंड क्रमांक, मधलं नाव अहवालमालेचं, शेवटचा निकाल सुरू होतो ते पान. ‘एफ. सप.’ म्हणजे फेडरल सप्लिमेंट, डिस्ट्रिक्ट कोर्टांच्या निकालांची माला. तुम्ही दिलेला आकडा सेल्मा मोर्चाचा, विल्यम्स विरुद्ध वॉलेस. ब्राउडर १४२ एफ. सप. ७०७. वायटचे दोन काढा: १९७१ चा ३२५ एफ. सप. ७८१ आणि परिशिष्टासह १९७२ चा ३४४ एफ. सप. ३७३. दुसरा आधी वाचायला घेऊ नका, पहिल्याशिवाय त्यातले आकडे अधांतरी वाटतात. आणि निकाल उघडल्यावर खाली किती न्यायाधीशांची नावं आहेत ते आधी बघा. एकच नाव असेल तर अपील सर्किटकडे, तीन असतील तर बहुधा थेट सुप्रीम कोर्टाकडे गेलेलं असेल.